एकोणिसाव्या फेऱ्याचा ठिपका

वहिनींचा फोन आला तेव्हा मी गाडी धुवत होतो. एप्रिलअखेरचा रविवार होता, सकाळचे साडेआठ. या दिवसांत जयपुरात बाहेरचं जे काय काम असेल ते नऊच्या आत उरकावं लागतं, म्हणून मी पाइप घेऊन फाटकाशी उभा होतो. "भाऊजी, हे उठत नाहीयेत," एवढंच त्या म्हणाल्या आणि फोन तसाच चालू राहिला... मागून कुकरची शिट्टी ऐकू आली. तिलक नगरहून जवाहर नगर म्हणजे दहा मिनिटांचा रस्ता. मी ओल्या चपलांनी पोहोचलो तेव्हा शेजारचे डॉक्टर पलंगाजवळून उठत होते. दादा कुशीवर झोपले होते, चष्मा उशाशी, त्यावर घडी केलेला रुमाल. झोपेतच गेले, काही त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले आणि त्यानंतर आलेला प्रत्येक माणूस तेच म्हणत राहिला. मला ते ऐकवेना. त्रास झाला होता. सहा-सात महिने झाला होता, आणि तो कशाचा होता हे त्या घरात फक्त मला ठाऊक आहे असा माझा समज होता. मराठी मंडळाच्या अंकाच्या पुरवणीसाठी दादांच्या आठवणी लिहा असं ज्यांनी सांगितलं ते बिचारे चार गोड प्रसंगांची वाट पाहत असतील. तेही येतील, पण मला माझ्याबद्दलही काही सांगायचं आहे.

वसंत गायकवाड मूळचे भुसावळचे. वडील रेल्वेत, मोठा भाऊ रेल्वेत, स्वतः रेल्वेत सेक्शन कंट्रोलर. बदलीवर जयपूरला आले आणि इथेच राहिले. मी नागपूरचा, विमा कंपनीतला, बदलीवरच आलेला. मराठी मंडळाच्या पहिल्याच बैठकीत पोह्यांवर तर्री घालावी की नाही यावरून आमचं वाजलं, आणि जाताना ते म्हणाले, "पाठकसाहेब, तुम्ही काय इथं जेवायला येऊ राह्यले की भांडायला?" मी म्हणालो, "आणि तुम्ही काय करून राहिले?" माझं 'राहिले' आणि त्यांचं 'राह्यले', दोन्हींची तिथे बसलेल्या पुण्याच्या बाईंनी सारखीच कीव केली, आणि आमची मैत्री झाली. ते माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. मी त्यांना दादा म्हणायचो, ते मला शेवटपर्यंत पाठकसाहेब म्हणत राहिले, त्यातल्या 'साहेब'वर जरा जास्तच जोर देऊन.

कंट्रोलर म्हणजे काय हे मला त्यांनीच समजावलं. एका खोलीत बसायचं, कानाला फोन, समोर मोठा आखीव कागद. स्टेशन मास्तर कळवत जातो, अमुक गाडी अमुक वाजता गेली, की कागदावर पेन्सिलीने तिची रेघ पुढे न्यायची. सव्वाशे किलोमीटरच्या पट्ट्यातल्या सगळ्या गाड्या, एकही न पाहता, नुसत्या रेघांवरून चालवायच्या. दोन रेघा कुठे छेदणार हे आधी ओळखायचं आणि कुणाला कुठे थांबवायचं ते ठरवायचं. आयुष्यभर हेच काम केलेल्या माणसाला रविवारी सुट्टी मिळाली की तो काय करेल? हा माणूस शर्यत बघायला जायचा.

आता जोहड ट्रॅकबद्दल सांगायला हवं, कारण आजच्या जयपूरकरालाही तो माहीत नाही. शहराबाहेर एका ठाकूरसाहेबांच्या जमिनीत एक जुनं तळं होतं, कधीच आटलेलं. तळ्याला इकडे जोहड म्हणतात. तळ सपाट आणि टणक, चारी बाजूंनी चढते काठ. ठाकूरसाहेबांच्या भाच्याने एका हिवाळ्यात गंमत म्हणून त्यात मोटार गोल-गोल फिरवली, मित्रांनी आपापल्या मोटारी आणल्या, आणि दोन वर्षांत तिथे रीतसर शर्यती सुरू झाल्या. स्टॉक कार म्हणजे खास शर्यतीसाठी बनवलेली नाही, तर कारखान्यातून निघालेली, रस्त्यावर चालणारी साधी गाडी. जोहडात ती म्हणजे बहुतेक टॅक्सीतून निवृत्त झालेली अँबॅसडर. मागची सीट काढायची, काचा काढायच्या, आत लोखंडी नळ्यांचा पिंजरा जोडायचा, दारावर चुन्याने आकडा लिहायचा. सकाळी टँकरने पाणी मारून माती बसवायची आणि पंचवीस फेरे धावायचं. माणसं काठांवर शेंगदाणे खात बसायची. दिल्ली, अजमेर, पार अहमदाबादहून चालक यायचे. हिवाळ्यातले रविवार जोहडाचे, असं म्हणणारी एक अख्खी पिढी या शहरात होती. मी स्वतः तीन-चारदाच गेलो आणि दर वेळी धूळ खाऊन खोकत परतलो. दादांनी मात्र वीस वर्षांत एक रविवार सोडला नाही.

ते तिथे गेले प्रेक्षक म्हणून आणि पहिल्याच दिवशी वैतागले. फेरे मोजायची काही पद्धतच नव्हती. प्रत्येक गाडीचा माणूस आपल्या गाडीचे फेरे चिंचोक्यांवर मोजायचा, आणि शर्यत संपली की अर्धा तास हाणामारी. पुढच्या रविवारी दादा आखीव कागद आणि सहा रंगांच्या पेन्सिली घेऊन गेले. आडवी वेळ, उभे फेरे, प्रत्येक गाडीची वेगळी रेघ. गाडी समोरून गेली आणि दारावरचा आकडा स्वतःच्या डोळ्यांनी वाचला की रेघेवर एक ठिपका. पंचविसाव्या फेऱ्याला जिची रेघ आधी पोहोचली ती जिंकली. महिन्याभरात चिंचोके बंद झाले. भांडण झालं की लोक म्हणायचे, "बाबूजी का चार्ट दिखाओ," आणि चार्ट पाहून गप्प बसायचे. मोबदला म्हणून ते चहासुद्धा घेत नसत, थर्मास घरून न्यायचे. त्यांना त्या खुर्चीचा किती अभिमान होता हे मला ठाऊक आहे. रेल्वेत त्यांचं ऐकणारे पुष्कळ होते, पण साहेबांच्या वरही साहेब असतात. जोहडात त्यांच्या वर कुणी नव्हतं.

आणि मग ती शर्यत झाली. हंगामातली शेवटची आणि सगळ्यांत मोठी. पाच नंबरची गाडी इक्बालची. आदर्श नगरच्या पलीकडे गॅरेज चालवणाऱ्या रहमत उस्तादांचा हा मुलगा, तिशीतला. इंजिन बापाने बांधलेलं, चालवणार पोरगा. बारा नंबरची गाडी ठाकूरसाहेबांच्या भाच्याची. दुपारी वारा सुटला, टँकरचं पाणी केव्हाच वाळलं होतं, आणि मैदानात अशी धूळ उठली की समोरचा काठ दिसेना. पंचवीस फेरे झाले तेव्हा चार्टवर बारा नंबर पहिला होता, पाच नंबर दुसरा. इक्बाल गाडीतून उतरला तो ओरडतच. बारा नंबर एकोणिसाव्या फेऱ्यात पलीकडच्या काठाला फिरून उलटा उभा राहिला होता, मी त्याच्या बाजूने गेलो, तो पूर्ण एक फेरा मागे आहे, असं त्याचं म्हणणं. दादांनी चार्ट पुढे केला. बाराची रेघ अठरा, एकोणीस, वीस, कुठेही न तुटता सरळ गेलेली. इक्बाल म्हणाला, "तो आप भी ठाकुर के आदमी निकले, बाबूजी." दादा संतापाने रेघेवर पेन्सिल आपटत होते, ते मी पाहिलंय, कारण त्या दिवशी मी तिथे होतो. आणि रहमत उस्तादांनी शंभर माणसांदेखत मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बाबूजी का चार्ट झूठ नहीं बोलता. हारना सीख ले, बेटा." इक्बालने तो हात झटकला. त्यानंतर तो कधी शर्यतीत उतरला नाही. बाप-लेक एकाच गॅरेजमध्ये काम करत राहिले, एवढं ऐकिवात होतं.

दहा-बारा वर्षांनी ठाकूरसाहेब गेले, जमिनीचे तुकडे झाले. आज जोहडाच्या जागी अर्ध्या भागात मॅरेज गार्डन आहे, अर्ध्यात कॉलनी. काठ सपाट करून टाकले. दादा निवृत्त झाले, एक अटॅक आला, मुलगा पुण्याला, मुलगी कॅनडात. दुसऱ्या अटॅकनंतर डॉक्टरांनी एकट्याने बाहेर पडायची बंदी केली आणि वहिनी ती बंदी पोलिसाच्या कडकपणाने पाळायच्या. मग त्यांनी जोहड ट्रॅकचा इतिहास लिहायला घेतला. "आपण मेलो की हे मैदान होतं हे कोण सांगणार?" असं म्हणाले होते. सगळे चार्ट जपून ठेवलेले, एकेक काढायचा आणि त्यावरून ती शर्यत लिहायची. दर गुरुवारी संध्याकाळी मी जायचो आणि ते नवीन पानं वाचून दाखवायचे. मराठी झकास, कोरडी, खडखडीत. कोण कसा वळायचा, कुणाचं कुठलं चाक आधी निघायचं, कुणाची आई काठावर बसून डोळे मिटून घ्यायची... मी आयुष्यात ज्या काही चांगल्या संध्याकाळी घालवल्या, त्यातल्या बऱ्याच त्या खोलीत आहेत.

गेल्या दसऱ्याच्या सुमारास एका गुरुवारी गेलो तर वही मिटलेली होती. टेबलावर इक्बालच्या त्या शर्यतीचा चार्ट पसरला होता. "पाठकसाहेब, इथं बघा," म्हणाले. मी भिंग धरून पाहिलं. बारा नंबरची निळी रेघ. अठराव्या फेऱ्यावर ठिपका होता, विसाव्यावर होता. एकोणिसाव्यावर नव्हता. रेघ होती, ठिपका नव्हता. मला लगेच कळलं नाही, पण त्यांच्या तोंडाकडे पाहून कळलं. कंट्रोलमध्ये एखाद्या स्टेशनचा फोन लागला नाही तर गाडी नेहमीच्या वेगाने गेली असं धरून रेघ पुढे ओढतात, आणि पुढच्या स्टेशनची खबर आली की दुरुस्त करतात. त्या धुळीत बारा नंबर दिसला नाही, आणि पंचवीस वर्षांच्या सवयीने हाताने रेघ ओढली. गाडी पलीकडे उभी होती. एक फेरा उशिराने समोर आली तो तिचा एकोणिसावाच फेरा होता, यांनी त्यावर विसाव्याचा ठिपका दिला. "भांडणात मी रेघच दाखवत राहिलो," दादा म्हणाले, "ठिपका बघितलाच नाही. तो पोरगा जिंकला होता, पाठकसाहेब. आणि मी त्याला त्याच्या बापासमोर खोटं पाडलं."

त्यांना गॅरेजवर जायचं होतं. फोनवर नाही, चिठ्ठी नाही, स्वतः, तो कागद घेऊन. रहमत उस्ताद अजून आहेत, नव्वदीला आलेत, रोज गॅरेजच्या दाराशी बसतात, अशी खबर त्यांनी कुठूनतरी काढली होती. "उस्तादांना दाखवायचंय. त्यांनी माझ्या चार्टवर विश्वास ठेवला होता." मी म्हणालो, दादा, तीस वर्षं झाली, कशाला उकरता? ते म्हणाले, रविवारी सकाळी दहाला गाडी घेऊन या. मी येतो म्हणालो.

नाही गेलो. पहिल्या रविवारी बॅटरी उतरल्याचं सांगितलं. ती उतरलेली नव्हती. मग दिवाळी, मग लग्नसराई, मग थंडी, तुमच्या छातीला बरी नाही... कधी फोन केला, कधी तोही केला नाही. गुरुवारी मात्र नेमाने जायचो. असं का केलं, हे या दीड महिन्यात मी स्वतःला पुष्कळ विचारलं. गॅरेजमध्ये चार लोकांसमोर कुणी त्यांचा अपमान करेल आणि तो मला बघावा लागेल, ही भीती होती. आळसही होता. आणि खरं सांगायचं तर मला ते गुरुवार जसे होते तसे हवे होते, त्यात हा विषय नको होता. ते कधी एका शब्दानेही रागावले नाहीत. फक्त वही पुढे सरकली नाही. "आधी ते होऊ दे, मग पुढचं लिहितो," म्हणायचे, आणि आम्ही हवापाण्याच्या गप्पा मारायचो. शेवटच्या गुरुवारी निघताना त्यांनी माझा हात जरा जास्त वेळ धरून ठेवला. म्हणाले, "या रविवारी जमतंय का बघा." मी म्हणालो, बघतो. त्या रविवारी वहिनींचा फोन आला.

पुण्यानुमोदनाला मंडळाची माणसं आली, रेल्वेतली आली. बुद्धवंदना झाली. चार जणांनी भाषणं केली, चौघांनीही वक्तशीरपणाबद्दल सांगितलं. मला बोला म्हणाले, मी नाही म्हणालो. जून लागल्यावर एका सकाळी वहिनींकडून तो चार्ट मागून घेतला आणि गॅरेज शोधत गेलो. तिलक नगरहून वीस मिनिटं लागली.

इक्बालभाई आता साठीच्या पुढे आहेत. मेहंदी लावलेली दाढी, हातावर ग्रीस. दाराशी एक लाकडी स्टूल रिकामं होतं. मी नाव सांगितलं, गायकवाडबाबूजी गेले म्हणून सांगितलं. ते "इन्ना लिल्लाह" म्हणाले आणि हात पुसत राहिले. मी बॉनेटवर चार्ट पसरला आणि जमेल तशा हिंदीत सगळं सांगितलं. रेघ, ठिपका, धूळ, सवय. ते वाकून पाहत होते. बोट कागदाला लागू न देता त्यांनी निळी रेघ अठरापासून विसापर्यंत नेली, मागे आणली, पुन्हा नेली.

"बाबूजी को ये कब पता चला?"

"दशहरे के आसपास."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तब तो अब्बा थे."

मी चार्टचा उडणारा कोपरा बोटाने दाबून धरला.

"अब्बा संक्रांत के अगले दिन गए. यहीं बैठे थे, छतों पर पतंगें देख रहे थे." त्यांनी त्या स्टुलाकडे पाहिलं नाही. "तीस साल साथ काम किया हमने. मैं कुछ भी कहूँ, किसी गाड़ी के बारे में, किसी भी चीज़ के बारे में, तो कहते, तू तो वही है जो हारकर झूठ बोला था. हँसकर कहते थे. मगर कहते थे." मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "बाबूजी खुद क्यों नहीं आए?"

वाटेत मी याचं उत्तर तयार करून गेलो होतो. तब्येत, डॉक्टरांची बंदी, सगळं होतं. ते तोंडातून निघालं नाही. मी म्हणालो, "वो आना चाहते थे. गाड़ी मुझे लानी थी. मैं नहीं लाया."

त्यांनी मला शिवी दिली असती तर बरं झालं असतं. त्यांनी चार्टची जुन्याच घड्यांवर नीट घडी घातली, ग्रीस लागू नये म्हणून दोन बोटांत धरून माझ्या हातात दिली. "ये आप ले जाइए," म्हणाले. "जिन्हें दिखाना था, वो तो चले गए." आणि गाडीखाली शिरले. मी निघालो.

चार्ट परत द्यायला जवाहर नगरला गेलो. वहिनी व्हरांड्यात तांदूळ निवडत होत्या. काय झालं ते मी सांगितलं, काही न गाळता. बॅटरीचंही सांगितलं. त्या निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "मला माहीत होतं, भाऊजी. शनिवारी संध्याकाळी ते बूट पॉलिश करायचे. रविवारी साडेनऊला आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याकडून बूट चढवून घेऊन या खुर्चीत बसायचे, कागद मांडीवर. जन्मभराचा नेम असावा तसे, दर रविवारी. मी विचारायची, येणार आहेत ना भाऊजी? म्हणायचे, येतील, गाडी लेट आहे. बारा वाजले की मी खाली बसून त्यांचे बूट काढायची. वाकवत नव्हतं ना त्यांना." त्यांनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "त्या शेवटच्या रविवारीपण आदल्या दिवशी पॉलिश करून ठेवलेत. बघा."

खुर्चीखाली बूट होते. काळे, नाड्यांचे, टाचेशी टाच लावून ठेवलेले, आत मोजे खोवलेले. दीड महिन्याची धूळ बसली होती तरी खालची चकाकी कळत होती. त्या सकाळी मी धावत आत गेलो तो त्यांच्याच बाजूने गेलो असणार. वहिनींनी ते अजून उचललेले नाहीत, आणि उचला असं म्हणायची माझी प्राज्ञा नाही. आता मी रविवारी सकाळी दहाला तिथे जातो. गाडी फाटकाशी लावतो, व्हरांड्यात वहिनींसमोर बसतो, आणि बारा वाजले की घरी येतो.